सलाईनच्या बाटलीत पाच चमचे साखर

"सलाईन चालू आहे ना मॅडम, मग जेवले नाहीत तरी चालेल."

हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकते. कधी पेशंटचा मुलगा म्हणतो, कधी सून, कधी बाजूच्या कॉटवरचे 'अनुभवी' काका. मी दवाखान्यात डाएटिशियन आहे, त्यामुळे यावर मी भाषण देत नाही. स्टँडवरची बाटली फिरवून तिचं लेबल वाचून दाखवते.

बाटली ५०० मिलीची असते. 'डेक्स्ट्रोज ५ टक्के' लिहिलेलं असेल तर आत २५ ग्रॅम ग्लुकोज आहे. चहात घालतो तसे पाच चमचे. कॅलरी ८५ च्या आसपास, म्हणजे एका पोळीएवढ्या. 'नॉर्मल सलाईन' असेल तर तेवढ्याही नाहीत. साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. प्रथिनं दोन्हींत शून्य. दिवसभरात ग्लुकोजच्या तीन बाटल्या गेल्या तरी हिशेब तीन कोरड्या पोळ्यांपुढे जात नाही, आणि ५० किलोच्या आजारी माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. अंगातलं पाणी आणि क्षार सांभाळायचे, औषध शिरेतून पोचवायचं, ही सलाईनची कामं. ती कामं ते चोख करतं. जेवायला घालणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

आता 'कुपोषण' या शब्दाकडे येऊ, कारण तो उच्चारला की नातेवाईक दुखावतात. आपल्याकडे कुपोषण म्हटलं की डोळ्यांसमोर मेळघाट येतो, मोठं डोकं आणि काडीसारखे हातपाय असलेलं मूल येतं. साठीच्या, पोट सुटलेल्या, घरी दोन म्हशी असलेल्या माणसाबद्दल मी तो शब्द वापरला तेव्हा त्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं दूधदुभत्याला कमी नाही. कुपोषण कशाला म्हणताय?" त्याचं चुकलं नव्हतं, पण माझंही नव्हतं. मोठ्या माणसांचं, आजारपणातलं कुपोषण हे वेगळं प्रकरण आहे. घरात अन्न असतं, ते पेशंटच्या अंगी लागत नाही. कधी घशाखाली उतरत नाही, कधी उतरलेलं पचत नाही, आणि बऱ्याचदा आजार त्याच्या आधीच शरीर खात सुटलेला असतो.

सरपण आणि वासे

एकादशी करणाऱ्या माणसाच्या शरीरात काय होतं ते आधी बघू. यकृतात साठवलेली साखर साधारण दिवसभर पुरते. उपास लांबला तर शरीर चरबीकडे वळतं. चरबीतून तयार होणारं इंधन मेंदूसुद्धा हळूहळू वापरायला शिकतो, आणि स्नायू बऱ्यापैकी वाचतात. घरातलं सरपण संपत आलं की शहाणी बाई चूल मंद करते, तसं शरीरही खर्च कमी करतं.

आजारपणात हे शहाणपण चालत नाही. जंतुसंसर्ग, मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, कॅन्सर, हाड मोडणं, यांपैकी काहीही झालं की शरीरात दाह पेटतो. दाहाचे रासायनिक निरोपे रक्तातून फिरतात आणि भूक मारतात. ताप आलेल्या माणसाला अन्नाचा वास नको होतो तो यामुळेच, नखरे म्हणून नव्हे. त्याच वेळी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात. जखम भरायला, जंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार करायला प्रथिनं ताबडतोब हवी असतात, आणि प्रथिनांचं वेगळं कोठार शरीरात नसतं. मग ती स्नायू मोडून काढली जातात. म्हणजे परसात सरपणाचा ढीग पडलेला असताना घराचे वासे काढून जाळायचे, असा प्रकार.

ढीग म्हणजे चरबी. पोट सुटलेला माणूसही कुपोषित असू शकतो, तो असा. वजनकाट्यावर ८० किलो दिसतात, पण मांड्या आणि दंड रिकामे होत चाललेले असतात. वरून पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा आणखीच फसवतो, कारण अंगात अडकलेलं पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो वजन.

आणि स्नायू म्हणजे काही फक्त पैलवानाचे दंड नव्हेत. श्वास ओढणारा पडदा स्नायूच आहे. खोकून कफ बाहेर काढायला स्नायू लागतात. कॉटवर कूस बदलायला, संडासापर्यंत चालत जायला तेच लागतात. ते गेले की कफ साठतो, न्यूमोनिया होतो. कूस बदलली जात नाही, पाठीला जखमा होतात. टाके लवकर भरत नाहीत. यातलं काहीही झालं तरी केसपेपरवर 'न्यूमोनिया' लिहिलं जातं, 'बेडसोअर' लिहिलं जातं. उपासमार लिहिली जात नाही.

ही झीज किती झपाट्याने होते? लंडनच्या रुग्णालयांत आयसीयूमधल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजत गेले, तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी घटलं होतं. आजार नसलेल्या वयस्कर माणसांना नुसतं दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं तरी पायांचा किलोभर मांसल भाग जातो, हेही मोजलेलं आहे. आपण म्हणतो, "पडून राहा, आराम करा." आरामाचीही किंमत असते.

हे आजचं नाही

१९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली या सर्जनने एक साधी गोष्ट केली. जठराच्या अल्सरचं ऑपरेशन झालेल्या आपल्या पेशंटची ऑपरेशनआधी किती टक्के वजनघट झाली होती, ते काढलं. ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं त्यांच्यातले सुमारे ३३ टक्के दगावले होते. ज्यांचं तेवढं घटलं नव्हतं त्यांच्यात हेच प्रमाण ३.५ टक्के होतं. सर्जन तेच, ऑपरेशन तेच. यासाठी त्याला कुठलंही यंत्र लागलं नाही, फक्त काटा आणि भागाकार.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं हा विषय झाकलेलाच राहिला. १९७४ मध्ये अलाबामाच्या चार्ल्स बटरवर्थ या डॉक्टरने रुग्णालयांतल्या सवयींची झडतीच घेतली. उंची-वजन लिहीत नाहीत. पेशंट काय खातो ते कुणी पाहत नाही. तपासण्यांसाठी जेवणं चुकवली जातात. ग्लुकोज-सलाईनवर दिवसच्या दिवस ठेवतात. आणि जबाबदारी इतक्या जणांत वाटलेली असते की ती कुणाचीच राहत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकेतली ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या फीमेल सर्जिकल वॉर्डात येऊन गेलाय.

पुढे १९९४ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात दाखल होणाऱ्या ५०० पेशंटची मोजदाद झाली. त्यातले २०० येतानाच कुपोषित होते. २००१ मध्ये ब्राझीलमध्ये ४००० पेशंट तपासले, जवळजवळ निम्मे कुपोषित निघाले. श्रीमंत देश असो वा गरीब, तीनातला एक ते दोनातला एक या पट्ट्यात आकडे फिरत राहतात. डंडीतली मला जास्त बोचणारी गोष्ट पुढची आहे. ज्यांना घरी जाताना पुन्हा मोजलं त्यांचं वजन सरासरी ५ टक्क्यांहून जास्त घटलेलं होतं. आहाराच्या मदतीसाठी मुद्दाम पाठवलेले जे मोजके पेशंट होते, त्यांचं मात्र वाढलं होतं.

एका आजीचे अकरा दिवस

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दवाखान्यात, तेव्हा मी नवी होते, एक आजी दाखल झाल्या. वय बहात्तर, अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. चार महिन्यांपूर्वी गावातल्या शिबिरात वजन ४६ किलो भरल्याचं त्यांच्या लेकीला आठवत होतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

पहिल्या रात्री बारापासून एनबीएम. म्हणजे तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा नाही. कॉटला तशी पाटी अडकवली. सकाळी यादीत नंबर पाचवा. दुपारी तीन वाजता कळलं की आज थिएटरमध्ये वेळ उरलेला नाही. तोवर दुपारच्या जेवणाची गाडी येऊन गेलेली. मावशींनी चहा आणि दोन बिस्किटं दिली. रात्री बारापासून पुन्हा एनबीएम. दुसऱ्या दिवशी रक्ताची बाटली मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. म्हणजे ज्या शरीरावर सर्वांत मोठा घाव घालायचा होता, ते अडीच दिवस उपाशी ठेवून टेबलावर घेतलं.

ऑपरेशननंतर पेज. चौथ्या दिवशी ताट आलं, भात, आमटी, कोबीची भाजी, दोन पोळ्या. ताट लॉकरवर ठेवून गाडी पुढे गेली. लॉकर डोक्यामागे. उजव्या हातात सुई, डावा हात कॉटच्या कठड्याबाहेर पोचत नाही. लेक औषधं आणायला खाली गेलेली. ती येईपर्यंत अर्ध्या तासाने ताट उचललं गेलं, जसंच्या तसं. सिस्टरच्या नोंदीत होतं, 'डाएट दिला'. खोटं काहीच नव्हतं. दिला होताच.

सातव्या दिवशी मी तिथे पोचले, तेही बाजूच्या कॉटवरच्या डायबेटिसवाल्या बाईंना तक्ता द्यायला गेले म्हणून. आजींना म्हटलं, "आजी, पोळी का खात नाही?" त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अगं पोरी, दात घरी हायत. चावू कशानं?"

कवळी. घाईघाईत गाडीत घातलं तेव्हा ती घरी पाण्याच्या वाटीतच राहिली होती. सात दिवसांत सर्जन, भूलतज्ज्ञ, फिजिशियन, तीन पाळ्यांच्या सिस्टर आणि मी, इतक्यांपैकी कुणीच त्यांना 'तोंड उघडा' म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नातू एसटीने कवळी घेऊन आला. अकराव्या दिवशी वॉकर धरून त्या काट्यावर उभ्या राहिल्या तेव्हा ४१ किलो भरल्या. ४६ चे ४१, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. यातलं थोडं आधीच गेलेलं असेल. पण बरंचसं आमच्या डोळ्यांदेखत गेलं.

उपाशी ठेवण्याबद्दल इथेच सांगते. भूल देताना पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, आणि ते आवश्यकच आहे. पण सर्वसाधारण पेशंटसाठी आजचे नियम घन अन्नाला सहा तास आणि गाळीव, दूध नसलेल्या पातळ पदार्थांना दोन तास असे आहेत. 'रात्री बारापासून पाणीही नाही' ही जुनी सवय आहे. स्वतःच्या मनाने मात्र काही पिऊ नका, कारण ज्यांचं पोट सावकाश रिकामं होतं त्यांच्यासाठी हिशेब वेगळा असतो. भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, "शेवटचं खाणं किती वाजता आणि पाणी किती वाजेपर्यंत?" आणि ऑपरेशन पुढे ढकललं तर लगेच दुसरा प्रश्न, "मग आता जेवू द्यायचं का?" हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे जितकी जेवणं बुडतात तितकी खुद्द ऑपरेशनमुळे बुडत नसतील.

पेज, साबुदाणा आणि पिकणारे टाके

दवाखान्याचं झालं, आता घरच्या डब्याकडे वळते. कारण उपासमारीत आपल्या प्रेमाचाही वाटा आहे.

डब्यात काय येतं? पेज, साबुदाण्याची खीर, मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, शहाळं. 'पचायला हलकं.' शहाळ्याच्या पेलाभर पाण्यात चाळीस-पन्नास कॅलरी. साबुदाण्यात प्रथिनं नावापुरतीही नाहीत, तो निव्वळ पिष्ट आहे. वरणाचं वरचं पाणी पेशंटला आणि खालची डाळ घरच्यांना, हा न्याय तर मला कधीच कळलेला नाही. आणि ज्यात प्रथिनं असतात ते नेमकं पथ्यात जातं. तूरडाळ नको, टाके पिकतात. अंडं नको, गरम पडतं. दही नको, सर्दी होईल. शेंगदाणे नकोत, खोकला येईल.

टाके पिकतात ते जंतूंमुळे, आणि साखर ताब्यात नसेल, रक्तपुरवठा किंवा पोषण कमी असेल तर जास्त पिकतात. डाळीने पिकत नाहीत. उलट जखम सांधणारं कोलॅजन हेच मुळात एक प्रथिन. जखम भरायची तर विटा आत यायला हव्यात, आणि आपण विटांची गाडीच फाटकावर अडवून ठेवतो.

पेजेची बाजूही मांडायला हवी. आयुर्वेदात शोधनानंतर, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शुद्धीनंतर, आहार पायरीपायरीने वाढवायचा क्रम सांगितलाय. आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग मुगाचं कढण, असं करत पूर्ण जेवणावर यायचं. म्हणजे पेज ही पहिली पायरी आहे. आपण पहिल्याच पायरीवर सतरंजी टाकून पंधरा दिवस बसतो.

मग डब्यात काय? पेशंटला चार घासच जाणार असतील तर त्या चार घासांत जास्तीत जास्त माल भरायचा, एवढंच सूत्र. मुगाची दाट खिचडी, वरून चमचाभर तूप. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, दोन उकडून कुस्करून भातात घातली तर चावावंही लागत नाही. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांच्या कुटात सात-आठ ग्रॅम प्रथिनं आणि पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी, तो दह्यात कालवा. पेज द्यायचीच असेल तर पाण्याऐवजी दुधात शिजवा आणि त्यात भाजलेल्या मूगडाळीचं पीठ घाला. तीन मोठ्या जेवणांऐवजी दोन-दोन तासांनी थोडं थोडं. वॉर्डात संध्याकाळी सातला जेवण होतं आणि पुढचा चहा सकाळी आठला, ही तेरा तासांची पोकळी रात्री झोपताना कपभर दुधाने भरता येते. लिव्हर सिऱ्हॉसिसच्या पेशंटसाठी तर हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. त्यांच्या यकृतात साखरेचा साठाच राहत नाही, त्यामुळे एका रात्रीचा उपास त्यांना निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो.

किडनीवाल्यांची एक गडबड मी वारंवार पाहते. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. ते बरोबर असतं. डायलिसिस सुरू झाल्यावर हिशेब उलटतो, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक वाहून जातात आणि गरज वाढते. पण घरी जुनाच कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो. वर्षभर. पेशंट वाळत जातो आणि घरचे म्हणतात, "आम्ही पथ्य एकदम कडक पाळतो."

प्रोटीन पावडरचं विचाराल तर, जो जेवू शकतो त्याला पावडरच्या डब्याची गरज नाही. ज्याला जेवण जातच नाही त्याच्यासाठी ती कामाची आहे. हजार रुपयांचा डबा आणून रोज एक चमचा पाण्यात ढवळून देणं आणि अंडी बंद ठेवणं, याला मी काय म्हणू ते इथे लिहीत नाही.

नाकातली नळी

गिळता येत नसेल, पण आतडं चालू असेल तर नाकातून जठरापर्यंत नळी घालतात. आपल्याकडे तिला रायल्स ट्यूबच म्हणतात, जॉन रायल या इंग्रज डॉक्टरच्या नावावरून. नळीचं नाव काढलं की नातेवाईक रडायला लागतात, "म्हणजे आता काही खरं नाही का?" तसं काही नसतं. पक्षाघाताच्या कितीतरी पेशंटची नळी गिळणं सुधारलं की निघते. आतडं चालू असेल तर आतड्यातूनच भरवायचं, हा नियम आहे. थेट शिरेतून पूर्ण पोषण देणंही १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून शक्य झालंय, पण ते महाग आणि जंतुसंसर्गाचं जोखमीचं काम, आतडं बंद असेल तेव्हाचं.

नळीतली खरी अडचण वेगळीच. घरून आणलेलं फीड नळीत अडकू नये म्हणून इतकं गाळतात की चोथ्याबरोबर डाळही गाळणीत राहते. दिवसातून आठ वेळा २०० मिली, म्हणजे कागदावर १६०० मिली. मिलीला एक कॅलरी धरली तर पुरेसं. पण बाटलीत पिवळसर पाणी असतं. बघितल्यावर कळतं. आमच्याकडे आता मी सुनेलाच मिक्सरसकट बोलावते आणि एकदा करून दाखवते.

एकदम भरवू नका

हे सगळं वाचून कुणी दहा दिवस उपाशी असलेल्या माणसाला आज संध्याकाळीच शिरा-पुरी भरवेल, म्हणून हा भाग.

दुसऱ्या महायुद्धात उपासमारीतून सुटलेले कैदी पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले, तेव्हा डॉक्टरांचं याकडे लक्ष गेलं. उपाशी शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे रिते झालेले असतात. अचानक पिष्ट-साखर आली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातली उरलीसुरली खनिजं पेशींत ओढून नेतं. रक्तातलं फॉस्फेट कोसळतं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. बी-१ जीवनसत्त्व कमी असेल तर मेंदूलाही इजा होते. म्हणून फार दिवस उपाशी असलेल्या, खूप वाळलेल्या किंवा दारूचं व्यसन असलेल्या पेशंटला आधी बी-१ देतात, किलोमागे साधारण १० कॅलरींपासून सुरुवात करतात आणि रक्ततपासण्या बघत चार ते सात दिवसांत वाढवत नेतात. अशा वेळी डॉक्टर 'हळू' म्हणाले तर हळूच. इथे पेजेचा मान पेजेला.

कसं ओळखायचं

यासाठी लॅब लागत नाही. बरेच जण अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा, रिपोर्ट घेऊन येतात, "कमी आलंय, म्हणजे कुपोषण ना?" अल्ब्युमिन आजाराच्या दाहाने खाली येतं, माणूस नीट जेवत असला तरी. आणि नुसत्या उपासमारीत ते बरेच दिवस ठीकही दिसतं. ते आजार किती मोठा आहे ते सांगतं, ताट किती रिकामं झालं ते सांगत नाही.

त्यापेक्षा विचारा: गेल्या तीन ते सहा महिन्यांत, न ठरवता, वजन किती घटलं? ५ टक्क्यांवर गेलं की लक्ष द्यायचं, १० टक्क्यांवर गेलं की घंटा वाजवायची. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो. काटा नसेल तर पट्ट्याचं भोक बघा, अंगठी आणि बांगड्या बघा, जुन्या फोटोतले गाल बघा. उभं राहता येत नसेल तर शिंप्याची टेप दंडाच्या मध्यावर गुंडाळा. ब्रिटनमधल्या तपासणी-तक्त्यात २३.५ सेंटीमीटरच्या खाली घेर असेल तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २० च्या खाली असण्याची शक्यता धरतात. आमच्या आजींचा २१ होता.

आणि ताट परत जाताना बघा. वाढलेलं नव्हे, उरलेलं. २००९ मध्ये २५ देशांतल्या सोळा हजारांहून जास्त पेशंटचा एका दिवसाचा हिशेब प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक जणांनी ताट संपवलं नव्हतं. त्या दिवशी जेमतेम पाव ताट खाल्लेल्यांना महिन्याभरात दगावण्याचा धोका पूर्ण ताट खाणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होता. जास्त आजारी माणूस कमी खातो, हेही त्यात आहेच. पण मग उरलेलं ताट हे निदान फुकटात मिळणारं धोक्याचं चिन्ह तरी मानायला हवं. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत ज्याला भरवावं लागतं त्याचं जेवण लाल ट्रेमध्ये देतात. ट्रे लाल दिसला की त्याला हात लावून पुढे जायचं नाही, थांबायचं.

भरवून खरंच फरक पडतो का, ही शंका मलाही होती. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या आठ रुग्णालयांतल्या २०८८ पेशंटवरचा अभ्यास आला. अर्ध्यांना नेहमीचं जेवण, अर्ध्यांना त्यांच्या गरजेचा हिशेब करून, आवडीनिवडी विचारून दिलेलं जेवण, बहुतेकांना तोंडानेच. महिनाभरात पहिल्या गटात शंभरातले दहा दगावले, दुसऱ्यात सात. आपल्याकडे झारखंडमध्ये टीबीच्या २८०० पेशंटना औषधांसोबत दरमहा १० किलोचा शिधा दिला: तांदूळ, सत्तू (भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ), दूध पावडर, तेल. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. टीबीच्या पेशंटना निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. अंड्यांचा भाव बघता आधीचे पाचशे मला नेहमीच अपुरे वाटायचे.

त्या आजींच्या डिस्चार्ज कार्डावर नऊ औषधं होती. खाण्यासाठी ओळच छापलेली नव्हती, आजही नसते. मी कोपऱ्यात पेनाने लिहिलं: 'वजन ४१. महिन्याने पुन्हा करणे. रोज दोन अंडी, दाट वरण, झोपताना दूध. कवळी घालून जेवणे.' महिन्याने त्या फॉलोअपला आल्या तेव्हा लेकीने कार्डाची ती बाजू पुढे धरली आणि म्हणाली, "मॅडम, वजन करायचं लिवलंय तुम्ही." मी वॉर्डात गेले, काटा मागितला. तो स्टोअरमध्ये चादरींखाली होता आणि त्याचे सेल संपलेले होते. मामांना खाली पाठवून सेल मागवले. ४३ भरलं. तेव्हापासून माझ्या एप्रनच्या डाव्या खिशात शिंप्याची टेप असते आणि उजव्या खिशात चार सेल.